दृष्टी अचानक मंदावली तर



डोळ्यांचा विषय निघाला की आपल्याला मोतीबिंदू आणि नेत्रशिबिर एवढेच आठवते. मोतीबिंदू वाढण्यास बहुधा वर्षे लागतात, त्यामुळे पुढील शिबिरापर्यंत थांबले तरी चालते. पण त्यातूनच एक घातक समज रुजला आहे : डोळा दुखत नाही, लाल नाही, म्हणजे घाई नाही. मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी आहे. तरीही या समजाविरुद्ध चार शब्द बोलणे मला कर्तव्य वाटते.

डोळ्यात उमटलेले चित्र मेंदूकडे नेते ती दृष्टीची नस. ती १० लाखांहून अधिक तंतूंची बनलेली असते. तिला सूज आली, तिचा रक्तपुरवठा तुटला, मार बसला किंवा विष भिनले, तर काही तासांत वा दिवसांत दृष्टी मंदावते. एकदा मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत.

अपघात विभागातील डॉक्टर हे ओळखतात ते साध्या परीक्षांनी. प्रथम एकेक डोळा झाकून अक्षरे वाचावयास लावतात. मग बॅटरीचा उजेड आळीपाळीने दोन्ही डोळ्यांवर टाकतात. निरोगी डोळ्यावर उजेड पडताच बाहुल्या आकसतात. एका बाजूची नस दुबळी असेल तर त्या डोळ्यावर उजेड येताच त्या उलट रुंदावतात. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ मार्कस गन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही खूण घाटातील अपघातात बेशुद्ध झालेल्या रुग्णातही पाहता येते. पुढची परीक्षा आम्हा कापडवाल्यांच्या ओळखीची आहे : लाल वस्तू एका डोळ्याने कुंकवासारखी आणि दुसऱ्याने धुऊन विटल्यासारखी दिसली, तर संशय नसेवर जातो.

त्यानंतर दुर्बिणीसारख्या उपकरणाने नसेचे डोळ्यातील टोक पाहतात. दोन्ही डोळ्यांत तेथे सूज असेल तर डोक्यातील दाब वाढल्याची शक्यता असते आणि मेंदूचे स्कॅन तातडीने करावे लागते. मात्र सूज डोळ्यामागे असेल तर हे टोक सुरुवातीला अगदी निरोगी दिसू शकते. म्हणून बाहुली आणि रंग यांची परीक्षा मोलाची.

विषाचे उदाहरण आपल्या राज्यातच घडले. २००४ साली विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मेथेनॉलयुक्त दारूने अनेकांचे बळी घेतले. मालवणीतील मृतांची संख्या शंभरावर गेली. मेथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होते व ते या नसेवर घाला घालते. त्रास कित्येक तासांनी सुरू होतो. सारे धुक्यासारखे पांढरे दिसू लागते. वेळीच उतारा आणि डायलिसिस मिळाले तर प्राण व दृष्टी वाचू शकते. आपल्या घरात मद्य नसले तरी दुकानातला हमाल, शेजारी आपलेच आहेत.

कोयनानगरहून कराड ५५-६० किलोमीटर. पावसाळी रात्री ‘सकाळी पाहू’ म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा. डॉक्टरांना नेमके सांगावे : त्रास केव्हा सुरू झाला, एका डोळ्याला की दोन्ही, डोळा हलवताना दुखते का, मधुमेह वा रक्तदाब आहे का. क्षयरोगाची औषधे चालू असल्यास अवश्य सांगावे, कारण त्यांतील एथाम्ब्युटॉलने क्वचित ही नस दुखावते. पन्नाशीपुढील व्यक्तीचे डोके दुखत असेल, घास चावताना जबडा दुखत असेल, तर तेही सांगावे. त्या आजारात तासांचा विलंबही दुसऱ्या डोळ्याला महागात पडू शकतो.

आणि औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. नसेच्या दाहावरील अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने दृष्टी लवकर सुधारली. नेहमीच्या मात्रेतील नुसत्या गोळ्यांनी मात्र आजार उलटण्याचे प्रमाण वाढले.

शिबिरे आपण जरूर भरवू. परंतु अचानक मंदावलेली दृष्टी शिबिराच्या तारखेची वाट पाहत नाही, एवढे प्रत्येक घरी पोहोचावे, ही नम्र विनंती करून मी माझे भाषण संपवितो.