साडेसतरा लाखांची ‘स्वस्त’ गाडी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये सभासदांनी आपापले अनुभव सांगितले. त्यातील एका भाषणाचा हा मजकूर.)



सेक्रेटरी म्हणाले, ‘‘काका, दहा-पंधरा मिनिटं बोला, विषय तुम्हीच ठरवा.’’ मी म्हटलं, गाडीवर बोलतो. ते हसले. आता तुम्हीही हसलात. म्हणजे 14 नंबरच्या पार्किंगमधली ती काळी गाडी अजून कोणी विसरलेलं नाही. तिच्यावर जिन्यात, गच्चीवर काय काय विनोद झाले तेही माझ्या कानावर आलेले आहेत. आज खरा हिशेब सांगतो. कंपनीचं नाव घेणार नाही, कारण चूक गाडीची नव्हती, घेणाऱ्याची होती.

मी 34 वर्षं बँकेत काढली. शेवटची सहा वर्षं वाहनकर्जाची प्रकरणं माझ्याच टेबलावरून जायची. ‘‘जुन्या गाडीला कर्ज घेताय, नीट तपासून घेतलीत ना?’’ असं मी लोकांना विचारायचो. निवृत्त झालो, हातात पैसे आले आणि 2022 च्या मार्चमध्ये मीच न तपासता गाडी घेतली. 2014 चं मॉडेल, डिझेल, 78 हजार किलोमीटर चाललेली. नवी होती तेव्हा रस्त्यावर यायला 70 लाखांच्या आसपास पडलेली. मला मिळाली साडेसतरा लाखांत. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, ‘‘बाबा, एवढ्यात नवी साधी गाडी येईल, वॉरंटीसकट.’’ मी म्हटलं, ‘‘तुला त्यातलं कळत नाही.’’

इतकी स्वस्त का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. गाडी मूळची दिल्लीची. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तेव्हा दिल्ली परिसरात बंदी होती. आधी हरित लवादाचा आदेश झाला, मग 2018 साली सर्वोच्च न्यायालयानेही तीच मर्यादा धरली. त्यामुळे आठ-नऊ वर्षांची चांगली दिसणारी गाडी तिथला मालक मिळेल त्या भावात काढायचा आणि ती आपल्याकडे यायची. हे बेकायदा नाही. पण विकणाऱ्याला घाई का आहे, हे घेणाऱ्याला माहीत असावं.

पहिले तीन महिने मजेत गेले. घोडबंदर रोडवर लोक वळून बघायचे. एकच अडचण होती, गाडी उंच आणि आमच्या हिचे गुडघे दुखरे. म्हणून डिकीत एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं होतं. ही बसायच्या आधी मी उतरून स्टूल मांडायचो, ती बसली की स्टूल परत डिकीत. सी विंगमधली मुलं बघून हसायची.

जुलैमध्ये एका सकाळी वॉचमनने बेल वाजवली. ‘‘साहेब, तुमची गाडी बसली!’’ मला वाटलं, बॅटरी गेली असेल. खाली जाऊन बघतो तर गाडी खरोखरच बसलेली. पुढची डावी बाजू चाकावर टेकलेली, म्हैस एका गुडघ्यावर बसते तशी.

या गाड्यांना आपल्या साध्या गाडीसारखी लोखंडी स्प्रिंग नसते. रबराच्या फुग्यात हवा भरलेली असते आणि एक छोटा कॉम्प्रेसर ती कमीजास्त करतो. म्हणून खड्डे जाणवत नाहीत. पण रबर ते रबर. आठ वर्षांत त्याला बारीक चिरा जातात, रात्रभर हवा गळते आणि सकाळी गाडी बसते. गळकी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा पळतो, तापतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे एका फुग्याचं दुखणं दोन महिने अंगावर काढलं की दुसरा मोठा भागही जातो. माझं तेच झालं. स्क्रीनवर पिवळी सूचना मे महिन्यापासून येत होती. मी बटण दाबून ती घालवत होतो.

अधिकृत वर्कशॉपचं एस्टिमेट आलं पाच लाखांच्या थोडं वर. बाहेरच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या कंपनीचे पार्ट घालून काम 2 लाख 35 हजारांत झालं. विम्याकडे गेलो तर त्यांनी समजावलं की मोटार विमा अपघाताला, चोरीला, पुराला असतो. झिजेला आणि बिघाडाला नसतो. बँकेत असताना हेच वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल!

त्या दिवशी गॅरेजवाल्याने जे सांगितलं ते मला साठाव्या वर्षी कळलं. तो म्हणाला, ‘‘काका, गाडी तुम्ही साडेसतराला घेतली, पण तिचे पार्ट अजून सत्तर लाखांच्या गाडीचेच आहेत.’’ जुन्या गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्या सुट्या भागांची, तिच्या मेकॅनिकच्या मजुरीची उतरत नाही. आपण गाडीच्या किमतीवरून आपली ऐपत ठरवतो. ती खर्चावरून ठरवायला हवी.

पुढची यादी पटकन सांगतो. मी गाडी नेत होतो मंडईत, देवळात, फार तर स्टेशनपर्यंत. डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी हायवेवर बराच वेळ सलग पळावी लागते. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी फिल्टर तुंबला. सेन्सर आणि सफाई मिळून 38 हजार. मग कूलंटची गळती. प्लॅस्टिकचा पाइप चार हजारांचा, पण तिथे हात पोचायला अर्धं इंजिन खोलावं लागलं. एकूण 34 हजार. चार टायर 1 लाख 20 हजार. बॅटरी 28 हजार, कारण नुसती बसवून भागत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला ती नवी आहे हे कळवावंही लागतं. दोन सर्व्हिसिंग मिळून 90 हजार.

आता खरी गोष्ट. ही समोरच्या रांगेत बसली आहे, तिची परवानगी घेऊनच सांगतो. डॉक्टरांनी हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. त्यासाठी माझ्या नावावर चार लाखांची एक एफडी बाजूला ठेवलेली होती. हवेच्या फुग्यांचं बिल मी ती मोडून भरलं आणि हिला सांगितलं नाही. ऑपरेशनची तारीख घ्यायची वेळ आली तेव्हा म्हटलं, ‘‘दिवाळीनंतर बघू, पावसात नको.’’ दिवाळीनंतर म्हटलं, ‘‘थंडीत सांधे आखडतात.’’ ही काही बोलली नाही. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत राहिली. ज्या दिवशी लिफ्ट बंद असायची त्या दिवशी उतरायचीच नाही.

फेब्रुवारीत मेंटेनन्सची पावती शोधताना हिच्या हाती गॅरेजचं बिल लागलं. मला वाटलं, आता घरात रामायण होणार. हिने बिल दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, ‘‘माझ्या गुडघ्यांना एअर सस्पेन्शन बसवत नाहीत का हो?’’ तुम्ही हसताय, पण त्या रात्री मला झोप आली नाही. गाडीवर खर्च झाला त्याचं दुःख नव्हतं. हिने आठ महिने वेदना काढल्या आणि मी ऋतूंची कारणं देत होतो.

एप्रिलमध्ये मुलाकडून पैसे घेऊन ऑपरेशन केलं. ज्याला ‘तुला कळत नाही’ म्हटलं होतं त्याच्याकडून. आता ही रोज संध्याकाळी बागेच्या पाच फेऱ्या मारते, मी तीन.

गाडी 2024 च्या डिसेंबरात साडेदहा लाखांना गेली. हिशेब असा: किमतीत सात लाख गेले, दुरुस्ती आणि सर्व्हिसिंग 5 लाख 45 हजार, दोन वर्षांचा विमा 1 लाख 24 हजार. एकूण 13 लाख 69 हजार. आणि मी चालवली किती, तर 9,200 किलोमीटर. किलोमीटरला 149 रुपये, डिझेल वेगळं. आपल्या गेटवरच्या रिक्षाचं मीटर किलोमीटरला वीसच्या आत आहे, आणि त्यात चढायला स्टूलही लागत नाही.

जुनी गाडी घेऊच नका असं मी म्हणत नाही. घ्या, पण चार गोष्टी करा. एक, गाडी संध्याकाळी बघा आणि सकाळी पुन्हा बघा, रात्रभर उभी राहून ती बसते का ते कळतं. इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. दोन, स्वतः पैसे मोजून आपल्या माहितीच्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते वाचा. तीन, कागद. कर्जाचा बोजा उतरलाय का, ई-चलन बाकी आहेत का, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्यात का. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. चार, घरात खर्च लपवू नका.

शेवटी एक कबुली. सहा वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत दुरुस्ती निधी वाढवायचा ठराव आला होता. ‘‘इमारत ठणठणीत आहे, कशाला वाढवता?’’ असं म्हणून विरोध करणारा मीच. आज इमारत पंचवीस वर्षांची आहे. उपविधींप्रमाणे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. सी विंगच्या गच्चीखालचा ओलावा आणि ए विंगच्या लिफ्टचा खडखडाट या आपल्या पिवळ्या सूचना आहेत, आणि बटण दाबून त्या जात नाहीत हे मी पैसे मोजून शिकलोय. यंदाच्या सभेत तो ठराव पुन्हा येणार आहे. या वेळी सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदन ही देणार आहे, तिने आधीच सांगून ठेवलंय.

 बाहेर बटाटेवडे तयार आहेत.