५२ आठवड्यांची मुदत



आज मिळालेली पदवी तुमच्याकडून कुणी काढून घेणार नाही. तिच्यामागचा मान मात्र दरवर्षी नव्याने कमवावा लागेल. व्यावसायिक टेनिसमध्ये हा नियम उघड लिहिलेला आहे. एखाद्या स्पर्धेत मिळवलेले क्रमवारीचे गुण ५२ आठवडे टिकतात, मग खात्यातून वजा होतात. सर्वांत खालच्या पायरीवरच्या, १५ हजार डॉलरच्या महिला स्पर्धेत मुख्य फेरीचा पहिला सामना हरणारीच्या हाती जेमतेम दीडशे डॉलर पडतात. प्रवास, मुक्काम, रॅकेटच्या तारा, प्रशिक्षकाचे मानधन हे सगळे तिने त्यातूनच भागवायचे आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी पुन्हा कोर्टवर उतरायचे.

टेनिसपटू अंकिता रैनाचेच उदाहरण घ्या. ती मूळची अहमदाबादची. पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली तिचा खेळ घडला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने एकेरीचे कांस्य मिळवले, मार्च २०२० मध्ये ती जगात १६० वी होती आणि २०२१ मध्ये मेलबर्नच्या एका स्पर्धेत कामिला राखिमोवासह तिने दुहेरीचे विजेतेपद पटकावले. ग्रँड स्लॅम एकेरीच्या पात्रता फेरीत मात्र ती पुन्हा पुन्हा अडली. मग एवढे राबून काय मिळाले, असे कुणी विचारेल. कष्ट विजेतेपदाची हमी देत नाहीत, हे खरेच. ते तुमचा दर्जा टिकवून ठेवतात आणि संधी आली की तोच दर्जा कामी येतो. पुण्याची ऋतुजा भोसले अशीच छोट्या स्पर्धांमधून घडली. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात तिने पहिला सेट २-६ असा गमावला. पुढचा ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकून दोघांनी सुवर्ण आणले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसा आणि सोय नसेल तर नुसती जिद्द काय करणार? कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या या गगनबावड्यात भर पावसाळ्यात उघड्या कोर्टवर सराव होऊच शकत नाही. इथल्या मुलीला घर सोडूनच जावे लागेल. म्हणून एकट्याच्या जिद्दीचे गोडवे गाऊन समाजाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. १९५२ मध्ये कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांचे कष्ट आणि खर्डेकरांचा भरवसा, दोन्ही मिळून ऑलिंपिकचे कांस्यपदक आले.

तेव्हा पुढच्या वर्षी याच दिवशी स्वतःला विचारा: या वर्षात नवे काय शिकलो? आणि पहिला पगार हाती आला की तुमच्या गावातल्या एखाद्या होतकरू मुलीच्या प्रवासखर्चाचा वाटा उचला.