शहराच्या नियमांत नागरिकांचा वाटा

(नगरनियोजनविषयक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाच्या आधारे)



वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात, अधूनमधून एक जाहीर सूचना छापून येते. अमुक शहराच्या विकास योजनेत अथवा नियमावलीत फेरबदल करावयाचा असून ज्यांची हरकत असेल त्यांनी ती मुदतीत लेखी कळवावी, एवढाच तिचा मथितार्थ असतो. बहुतेक वाचक पान उलटतात. पुढे दीड-दोन वर्षांनी शेजारच्या बंगल्याच्या जागी सात मजले उभे राहू लागले, की तेच वाचक महापालिकेच्या दारात येऊन विचारतात, "आम्हांला कोणी विचारले?" कायद्याचे उत्तर असे, की विचारले होते. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बरोबर असले तरी ते पुरेसे आहे काय, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आपल्याकडे या विषयाला वैधानिक रूप आले. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराची विकास योजना करणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने त्यास आजची चौकट दिली. या चौकटीत प्रारूप योजना प्रसिद्ध करावी लागते, हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी द्यावी लागते. महापालिकेच्या बाबतीत या समितीवर स्थायी समितीचे तीन सभासद व नगरनियोजनाचे जाणकार असे जास्तीत जास्त चार सदस्य असतात. मंजुरीचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. कलम ३८ प्रमाणे दर वीस वर्षांतून निदान एकदा योजनेचा फेरविचार झाला पाहिजे. मधल्या काळातील लहान फेरबदलांसाठी कलम ३७ आहे. तेथे हरकतींना एक महिन्याची मुदत असते.

आता वीस वर्षांत वस्तीचे काय होते ते पाहा. रहिवास विभागात पहिल्याने एक शिकवणी वर्ग निघतो. त्यामागे मुलांची वसतिगृहे येतात, खानावळ येते, झेरॉक्सचे दुकान येते. एखादे डॉक्टर तळमजल्यावर दवाखाना काढतात, त्याचे पुढे दहा खाटांचे रुग्णालय होते. यांतील काहीही समाजविघातक नाही. उलट यांतील प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी गरजेची आहे. परंतु नियम लिहिला गेला तेव्हा गल्लीत चार सायकली व एक स्कूटर होती. नियम जागच्या जागी राहतो, वस्ती पुढे जाते. मग मधले अंतर दोन मार्गांनी भरले जाते. एक तर डोळेझाक, नाही तर वर्षांनंतरचे नियमितीकरण. दोन्ही मार्गांनी नियम पाळणाराच मूर्ख ठरतो. म्हणून नियमावली वेळोवेळी सुधारणे ही चैन नव्हे, हे मान्य करूनच पुढे जावयास हवे.

प्रश्न आहे तो कोणाला विचारून सुधारावयाची हा. यासाठी पुण्यातील एक उदाहरण जरा विस्ताराने घेतो.

पुण्याच्या जुन्या सोसायट्यांच्या भागात सहा मीटर रुंदीचे रस्ते पुष्कळ आहेत. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरील इमारतीस हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे ज्यास व्यवहारात टीडीआर म्हणतात तो, वापरता येत नव्हता. परिणामी साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेल्या तीन मजली इमारती जीर्ण झाल्या तरी त्यांचा पुनर्विकास कोणास परवडेना. उद्वाहन नाही, जिना चढवत नाही, छत गळते, आणि राहणारे बहुतेक निवृत्त. २०२० मध्ये महापालिकेने असे सव्वातीनशेच्या आसपास रस्ते नऊ मीटर रुंद करण्याचा प्रस्ताव पुढे आणला व हरकती-सूचना मागविल्या.

कागदावर ही फक्त तीन मीटरांची गोष्ट आहे. जागेवर ती प्रत्येक बाजूस दीड मीटर होते. त्या दीड मीटरात कोणाची कुंपणभिंत, कोणाचा पाण्याचा हौद, कोणाचे पन्नास वर्षांचे आंब्याचे झाड असते. जीर्ण इमारतीतील रहिवाशास हा प्रस्ताव म्हणजे आयुष्यातील शेवटची संधी वाटली. पलीकडच्या बंगलेवाल्यास तोच प्रस्ताव आपल्या अंगणावरचा घाला वाटला. तिसऱ्यांनी विचारले, की हेच रस्ते का, शहरातील सर्वच सहा मीटरी रस्ते का नाहीत? चौथा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो फार थोड्यांनी विचारला. वाढीव मजल्यांना पाणी व सांडपाण्याची वाहिनी त्याच जुन्या नळांतून द्यावयाची की काय? रस्ता दीड-दीड मीटर सरकविता येतो. जमिनीखालची वाहिनी तशी आपोआप रुंद होत नाही.

यांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे नव्हते. जीर्ण घराची निकड नगररचनाकारास नकाशावर दिसत नाही, कारण नकाशावर इमारत ही एक चौकट असते; तिचे वय व तिच्यातील माणसांचे वय तेथे लिहिलेले नसते. ही माहिती देणारा माणूस त्या गल्लीतच असतो. हरकतींकडे अडथळा म्हणून न पाहता पाहणीचा भाग म्हणून पाहावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

मुंबईने हा धडा मोठ्या प्रमाणावर घेतला. २०३४ पर्यंतच्या विकास योजनेचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नागरिकांनी त्यातील चुका दाखविण्यास प्रारंभ केला. अस्तित्वातील भूवापर चुकीचा नोंदलेला, वारसा वास्तू व प्रार्थनास्थळे यांच्यावर भलतेच काही दाखविलेले, रस्त्यांच्या रेषा उभ्या इमारतींतून गेलेल्या. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने ते प्रारूप दुरुस्तीसाठी परत पाठविले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले व मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. तीन वर्षे गेली, असे कोणी म्हणेल. परंतु चुकीचा नकाशा मंजूर झाला असता तर त्या चुका न्यायालयांत किती वर्षे रेंगाळल्या असत्या, याचाही हिशेब मांडला पाहिजे. चूक नकाशा काढण्यात झाली होती. जी पाहणी प्रारूपापूर्वी प्रभागाप्रभागांत फिरून तपासता आली असती, ती प्रारूपानंतर लोकांनी तपासली.

पुण्याची दुसरी अडचण संख्येची होती. २००७ ते २०२७ या कालावधीचे प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. प्रत्येकास पाच मिनिटे द्यावयाची म्हटली तरी सव्वासात हजार तास होतात. रोज आठ तास समिती बसली तर नऊशेहून अधिक दिवस! अर्थात असे कोणी करीत नाही. एकाच मजकुराचे छापील अर्ज एकत्र केले जातात, गटवार सुनावणी होते, आणि ज्याचे म्हणणे खरोखर वेगळे आहे तोही त्या गठ्ठ्यात दाबला जातो. पुढे २०१५ मध्ये ती योजना शासनाने महापालिकेकडून आपल्या हाती घेतली व जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केली. एका मजकुराचे हजार अर्ज हे मताचे वजन दाखवितात, माहिती वाढवीत नाहीत. त्याउलट ज्या अर्जात सर्व्हे क्रमांक आहे, जागेवर आज काय आहे ते लिहिले आहे, आरक्षण हलवावयाचे तर कोठे हलवावे हे सुचविले आहे, तो एकच अर्ज नकाशा बदलू शकतो. असा अर्ज लिहावयास शिकविणे हे काम माध्यमिक शाळेतील भूगोलाच्या शिक्षकाइतके चांगले कोण करील? आठवी-नववीची मुले आपल्या वस्तीचा भूवापर नकाशा दोन रविवारांत करू शकतात.

सुनावणीच्या दालनात एक गोष्ट नेहमी ध्यानात येते. जमीनमालक वास्तुविशारदासह येतो, विकसक वकिलासह येतो. भाडेकरू, ओट्यावर भाजी विकणारी बाई, रिक्षाचा थांबा चालविणारे, हे बहुधा येतच नाहीत. नियम बदलल्याने ज्यांचे सर्वांत आधी विस्थापन होते तेच गैरहजर असतात, कारण सूचना त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते, किंवा पोचली तरी एका दिवसाची मजुरी बुडवून येणे परवडत नाही. नकाशा मुख्य कार्यालयात कामाच्या वेळात पाहण्यास ठेवला, एवढ्याने कायद्याचे समाधान होते. तो प्रभागातील शाळेत, रविवारी, मराठीत समजावून सांगणारा कर्मचारी बसवून ठेवला तर काही बिघडत नाही आणि खर्चही फारसा येत नाही.

पंचायत सदस्यांनी गोव्याचे उदाहरण अवश्य पाहावे. तेथील २०११ ची प्रादेशिक योजना ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाली आणि जनआंदोलनामुळे जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावी लागली. पुढील योजना करताना चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने गावोगावचे नकाशे पंचायतींकडे पाठवून त्यांचे अभिप्राय घेण्याची पद्धत अवलंबिली. २०१२ मध्ये ती योजनाही स्थगित झाली, हे खरे. तथापि गावाने आपला नकाशा स्वतः वाचावा ही सवय तेथे लागली. आपल्याकडे पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. अशा गावांत ओढा कोठून वाहतो, गावठाणाची वहिवाट कोणती, पावसाळ्यात पाणी कोठे तुंबते, हे सातबारावर नसते. जुन्या ग्रामपंचायतीच्या सदस्यांना मात्र ते ठाऊक असते. गाव महापालिकेत जाताच पंचायत संपते आणि हे ज्ञानही दप्तरात न उतरता संपते. विलीनीकरणापूर्वी ग्रामसभेने ते लेखी व नकाशासह नोंदवून ठेवावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

डिसेंबर २०२० पासून मुंबई व काही अपवाद वगळता राज्यभर एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आहे. तिचा लाभ मोठा आहे. गावोगावचे वेगळे नियम व त्यांचे वेगळे अर्थ यांचा घोळ कमी झाला. मात्र नियम एक झाला म्हणजे वस्त्या एकसारख्या झाल्या असे नव्हे. दाट वस्तीसाठी तीत स्वतंत्र तरतुदी आहेत. तरीही पेठेतील गल्ली आणि नव्या हद्दीतील संकुल यांचे प्रश्न निराळे राहणारच. यापुढे पुष्कळसे फेरबदल राज्यपातळीवर होतील आणि त्यांची सूचना गल्लीतल्या माणसास आणखी दूरची वाटेल. म्हणून कलम ३७ खालील प्रत्येक सूचना प्रभाग समितीच्या बैठकीत वाचून दाखविण्याचा परिपाठ नगरपालिकांनी घालून घ्यावा. हरकत फेटाळली असेल तर दोन ओळींचे कारण अर्जदारास कळवावे. कारण समजले की माणूस पुढच्या वेळी अधिक नेमके लिहितो. उत्तरच आले नाही तर तो पुन्हा लिहीत नाही.

पुण्याच्या योजनेचा कालावधी २०२७ मध्ये पुरा होत आहे. इतर अनेक नगरपालिकांच्या योजनांची वीस वर्षेही लवकरच भरतील. आपापल्या गावची योजना कोणत्या वर्षी मंजूर झाली, हे येथून परत गेल्यावर पहिल्याने पाहावे, आणि मुदत जवळ आली असेल तर अस्तित्वातील भूवापराची पाहणी सूचनेची वाट न पाहता सुरू करावी.