इंजिनियर सभेस कां जातात ?

शहरांतील एखादें कुटुंब चौथ्या मजल्यावर घर घेतें, तेव्हां तें एका अनोळखी माणसाच्या हिशेबावर विसंबून रोज रात्रीं निर्धास्त झोपीं जात असतें. हा माणूस म्हणजे घर बांधणारा कंत्राटदार नव्हे, किंवा खोल्यांची मांडणी ठरविणारा वास्तुशिल्पज्ञहि नव्हे. खांब किती जाड असावा, तुळईंत सळ्या किती व कोठें घालाव्या, पाया किती खोल न्यावा, वाऱ्याचा व भूकंपाचा धक्का कोणत्या वाटेनें जमिनींत उतरवावा, याचें गणित मांडणारा तो स्ट्रक्चरल इंजिनियर होय. घरांत राहणाऱ्यांस त्याचें नांवहि बहुधा ठाऊक नसतें. डॉक्टरच्या औषधाचा गुण आला नाहीं तर चार दिवसांत कळतें. या माणसाच्या गणितांतील चूक कदाचित् तीस वर्षें कळत नाहीं, आणि कळते तेव्हां एका क्षणांत कळते.

अशा माणसाचें शिक्षण पदवी मिळतांच संपलें तर चालेल काय ? पुष्कळ देशांतील व्यवसायसंस्थांनीं या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी दिलें आहे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत परवाना चालूं ठेवूं इच्छिणाऱ्या इंजिनियरास दर तीन वर्षांत ३६ तास नव्या अभ्यासांत घालवावे लागतात, व त्यांतील बराचसा भाग व्याख्यानें आणि सभा यांचा असतो. परंतु तासांचा हिशेब हा या गोष्टीचा केवळ बाह्य भाग झाला. ग्रंथ आहेत, नियमपुस्तकें आहेत, गणित करणारीं यंत्रें आहेत. असें असतां माणसांनीं एका खोलींत एकत्र बसण्याची आवश्यकता काय, हा खरा प्रश्न आहे.

या प्रथेचा उगम एका कॉफीगृहांत आहे. इ. स. १८१८ च्या जानेवारींत लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील केंडल यांच्या कॉफीगृहांत कांहीं तरुण इंजिनियर जमले. त्या काळीं हें शास्त्र महाविद्यालयांत शिकण्याची इंग्लंडांत सोय नव्हती. विद्या उमेदवारीनें मिळे, आणि ती ज्याच्या त्याच्या हाताखालींच राही. एकमेकांस शिकवावें या हेतूनें या तरुणांनीं जी मंडळी स्थापन केली, तीच पुढें ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स’ म्हणून प्रसिद्धीस आली. १८२० मध्यें टॉमस टेलफर्ड हे तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १८३७ पासून सभांचे वृत्तान्त छापून निघूं लागले. पुढें सळ्या घातलेलें काँक्रीट प्रचारांत आलें. त्याची बरीचशी विद्या प्रथम पेटंटवाल्या कंपन्यांच्या हातीं होती. ती सर्वांसमोर तपासली जावी, हा १९०८ मध्यें लंडनमध्यें ‘काँक्रीट इन्स्टिट्यूट’ निघण्यामागील एक मोठा हेतु होता. या संस्थेनें १९२२ मध्यें ‘इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनियर्स’ हें नांव घेतलें व १९३४ मध्यें तिला राजसनद मिळाली. हिंदुस्थानांतहि ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स’ ही संस्था १९२० मध्यें निघाली.

अशा सभेची रीत साधी असते. एखादें काम पार पाडलेला इंजिनियर निबंध वाचतो, नकाशे दाखवितो, आणि कोठें अडचण आली व ती कशी दूर केली, हें सांगतो. मग चर्चा सुरू होते. श्रोत्यांत पन्नास पूल बांधलेला वृद्ध असतो, तसाच काल पदवी घेतलेला मुलगाहि असतो. आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार दोघांस सारखाच असतो. जुन्या संस्थांत ही चर्चा व निबंधकाराचें उत्तर मूळ निबंधाबरोबरच छापीत असत. पुस्तकांत सिद्ध झालेलें ज्ञान सांपडतें. सभेंत तें सिद्ध होत असतांना पाहावयास मिळतें, आणि पुष्कळदां तें असिद्ध ठरतांनाहि दिसतें.

असें बोलणें वेळेवर न झाल्यास काय होतें, याचें उदाहरण कॅनडांतील क्वेबेकच्या पुलाचें आहे. सेंट लॉरेन्स नदीवरील या लोखंडी पुलाचा मधला गाळा प्रथम १६०० फूट योजिला होता. तो पुढें १८०० फूट करण्यांत आला. जगांत त्या जातीचा तेवढा लांब गाळा दुसरा नव्हता. गाळा वाढला, परंतु पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळींच नव्यानें मांडला गेला नाहीं. सल्लागार इंजिनियर थिओडोर कूपर हे ख्यातनाम खरे, पण वृद्ध झालेले. ते न्यूयॉर्कमध्यें बसून काम पाहत. १९०७ च्या ऑगस्टमध्यें पुलाचे खालचे दाबाचे भाग वांकूं लागल्याचें जागेवरील लोकांच्या नजरेस आलें. हे भाग कारखान्यांतूनच वांकडे आले असावेत, असें कांहींचें मत पडलें. तें तसें नव्हे, असें दुसऱ्यांचें म्हणणें होतें. दोन्ही पक्षांस एकत्र बसवून निर्णय देईल असा अधिकारी पुरुष जागेवर एकहि नव्हता. नॉर्मन मक्लुअर हा तरुण इंजिनियर तेव्हां न्यूयॉर्कला गेला आणि २९ ऑगस्टच्या सकाळीं कूपर यांस भेटला. पुलावर आणखी वजन चढवूं नये, अशी तार कूपर यांनीं तत्काळ केली. पण ती पेनसिल्व्हेनियांतील कंपनीच्या कचेरीकडे. पुलापर्यंत हुकूम पोंचला नाहीं. त्याच संध्याकाळीं पूल कांहीं सेकंदांत नदींत कोसळला. त्यावर ८६ कामगार होते. त्यांपैकीं ७५ मृत्युमुखीं पडले.

कॅनडांतील इंजिनियरांनीं हा धडा विसरूं दिला नाहीं. १९२२ मध्यें माँट्रियल येथील एका सभेंत प्राध्यापक हॉल्टेन यांनीं तरुण इंजिनियरांस कर्तव्याची शपथ देण्याची कल्पना मांडली. त्या विधीची भाषा मुंबईंत जन्मलेले रुड्यार्ड किप्लिंग यांनीं लिहून दिली, आणि १९२५ पासून ही दीक्षा सुरू झाली. तेव्हांपासून तेथील इंजिनियर काम करणाऱ्या हाताच्या करंगळींत साधी अंगठी घालतो. नकाशा काढतांना ती कागदावर घासते. ही अंगठी क्वेबेकच्या पुलाच्या लोखंडाची असते, असा समज पसरला आहे. तो मात्र खरा नाहीं.

क्वेबेक येथें माहिती एका कामाच्या दोन टोकांमध्यें अडकली. कधीं ती दोन देशांमध्येंहि अडकते. १० जून २००० रोजीं लंडनमध्यें थेम्स नदीवर ‘मिलेनियम ब्रिज’ हा पादचाऱ्यांचा नाजूक पूल खुला झाला. त्या दिवशीं हजारों लोक त्यावरून गेले, आणि पूल दोन्ही बाजूंस डोलूं लागला. दोनच दिवसांत तो बंद करावा लागला. कारण मोठें नवलाचें निघालें. माणूस चालतो तेव्हां त्याचा भार एकदां डाव्या, एकदां उजव्या पायावर जातो, आणि प्रत्येक पाऊल जमिनीस थोडेसें बाजूसहि ढकलतें. पूल किंचित् हलूं लागतांच माणसें तोल सांवरण्यासाठीं पाय फाकून त्या हालचालीच्या लयींत चालूं लागतात, आणि त्यांच्या त्या चालीनें पूल अधिकच हलतो. ठराविक संख्येपर्यंत पूल स्थिर राहतो. ती संख्या ओलांडली कीं एकाएकीं डोलूं लागतो. त्या वेळच्या नियमपुस्तकांत खालींवर होणाऱ्या कंपनाचा विचार होता. गर्दीमुळें बाजूस होणाऱ्या या हालचालीचा असा विचार नव्हता.

परंतु ही गोष्ट कोणासच ठाऊक नव्हती, असें मात्र नाहीं. जपानमधील एका पादचारी पुलावर हाच प्रकार दिसला होता, आणि प्राध्यापक फुजिनो व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ मध्यें त्यावर निबंधहि प्रसिद्ध केला होता. ज्ञान अस्तित्वांत होतें. तें कंपनशास्त्राच्या अभ्यासकांकडून पूल रचणाऱ्यांपर्यंत पोंचलें नव्हतें. पुढें लंडनच्या इंजिनियरांनीं जें केलें तें त्यांस भूषणास्पद आहे. त्यांनीं पुलावर माणसें चालवून प्रयोग केले, कंपन शोषून घेणारीं साधनें बसविलीं, आणि आपलीं सर्व मापें व निष्कर्ष २००१ मध्यें स्ट्रक्चरल इंजिनियरांच्या मासिकांत सविस्तर छापले. पूल २००२ च्या फेब्रुवारींत पुन्हां खुला झाला. त्यानंतर असा पूल रचणाऱ्या कोणाहि इंजिनियरास हें आपणांस ठाऊक नव्हतें असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं.

तिसरी अडचण अधिक जवळची आहे. येथें ज्ञान आपल्याच देशांत, आपल्याच छापील नियमांत असतें, पण हातांत उतरत नाहीं. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत मोठा भूकंप झाला. भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादमध्येंहि अनेक मजली इमारती पडल्या. त्यांतील पुष्कळांचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठीं मोकळा सोडलेला होता. वर भिंतींचा जड पेटारा, आणि खालीं नुसते खांब. खांबांतील उभ्या सळ्यांभोवतीं ज्या रिंगा बांधतात, त्यांचीं टोकें बऱ्याच ठिकाणीं काटकोनांतच वळविलेलीं आढळलीं. धक्क्यानें बाहेरचें काँक्रीट सुटलें कीं अशीं टोकें उघडतात, आणि सळ्या मोकळ्या होऊन खांब चिरडतो. टोंक १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यांत रोंवलें, तर रिंग धरून राहते. ही रीत १९९३ च्या भारतीय मानकांत लिहिलेली होती. खर्च वाढतो तो अर्धा वीत सळईचा. परंतु सळई वांकविणाऱ्या कारागिरास हें सांगावयाचें कोणीं ? त्याच्या मुकादमानें, मुकादमास इंजिनियरानें, आणि इंजिनियरास महाविद्यालयांत हा विषय बहुधा शिकविलेलाच नव्हता.

या अनुभवानंतर २००३ मध्यें भूकंप-अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, व त्यांत महाविद्यालयांतील शिक्षकांनाच पुन्हां विद्यार्थी करून वर्गांत बसविण्यांत आलें. कानपूरच्या आय.आय.टी.नें सोप्या भाषेंत सचित्र टिपणें काढलीं. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांनीं पाहिला आहे, त्या महाराष्ट्रास या प्रयत्नांचें मोल निराळें सांगावयास नको.

या सभांचें सगळेंच चित्र उजळ आहे, असें मात्र म्हणतां येत नाहीं. कांहीं ठिकाणीं सहीपुरतें येणें आणि चहापुरतें थांबणें, एवढाच कार्यक्रम होतो. कांहीं व्याख्यानें म्हणजे माल खपविण्याच्या जाहिराती असतात. सर्वांत मोठें वैगुण्य म्हणजे यशाची कथा जो तो सांगतो, अपयशाची कथा सांगण्यास कोणी धजत नाहीं; कारण मागें कोर्ट उभें असतें, आणि धंद्याची अब्रूहि पणास लागलेली असते. यावर इंग्लंडांत २००५ पासून एक योजना अमलांत आहे. इंजिनियरानें आपल्या नजरेस आलेली चूक वा थोडक्यांत टळलेला अपघात कळवावा. मंडळानें त्याचें नांव व स्थळ गुप्त राखून तज्ज्ञांच्या अभिप्रायासह तो सर्वांसाठीं प्रसिद्ध करावा. दोष कोणाचा, या प्रश्नाऐवजीं दोष कशांत, हा प्रश्न पुढें आला, म्हणजे माणसें बोलूं लागतात.

सामान्य गृहस्थाचा या सर्वांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. मुंबईंत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी इंजिनियराकडून करवून घेणें कायद्यानें आवश्यक आहे. अशा वेळीं सोसायटीचें मंडळ तीन दरपत्रकें मागवितें, आणि पुष्कळदां सर्वांत कमी रकमेवर खूण करून मोकळें होतें. त्या तिघांस आणखी एक प्रश्न विचारण्यास खर्च कांहींच येत नाहीं : गेल्या दोन वर्षांत आपण कोणत्या सभेस गेलां होतां, आणि तेथें काय ऐकलें ? ज्यास खरोखर कांहीं ऐकावयास मिळालें असेल, तो लगेच बोलूं लागेल. कोठल्या खांबास तडा कसा गेला, कोठल्या गॅलरीची सळई गंजून कशी फुगली, हें तो हातवारे करून सांगेल. असा मनुष्य गच्चीवरून एक चक्कर मारून प्रमाणपत्र लिहून देणार नाहीं. तो तळमजल्यावर जाईल, जिन्याखालच्या अंधारांत बॅटरी लावील, आणि गिलावा ठोकून पाहील.