टेम्प फाइल्स दुसऱ्या ड्राइव्हवर टाकू का?

जळकोटला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवणारा एक मित्र विचारतो, "दादा, एसएसडी झिजू नये म्हणून टेम्प फोल्डर जुन्या हार्ड डिस्कवर टाकू का?"

आधी हिशोब बघू. सॅमसंगच्या 250 जीबी 870 इव्होची हमी आहे 5 वर्षं किंवा 150 टीबी लिखाण, जे आधी होईल ते. रोज 20 जीबी लिहिलं तरी 150 टीबी व्हायला 20 वर्षं लागतील! उलट टेम्प जुन्या डिस्कवर नेलं, की कॉम्प्युटर रखडणार आणि गिऱ्हाईक ताटकळणार.

झीज होतेच, पण एसएसडी कधीकधी न सांगता, अचानक बंद पडते. म्हणून त्या जुन्या डिस्कवर टेम्प नको, बॅकअप ठेव. एसएसडी नवीन मिळेल. फॉर्मच्या पावत्या कुठून आणशील?