घर घेण्याआधी गावाला विचारा

(वाचनालयाच्या ओट्यावर, नव्याने वाचायला शिकलेल्या मंडळींपुढे केलेले भाषण)



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून,’ अशी आपली जुनी म्हण. बांधणाऱ्याचे हाल बांधणाराच जाणे. पण हल्ली बांधलेले घर विकत घेणारेही पुष्कळ झाले आहेत. कुणी मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून तालुक्याच्या गावी येतो. कुणी मुंबई-पुण्याची नोकरी संपवून परत येतो. कुणाला भावाभावांत जुने घर पुरत नाही. जन्मभर पोटाला चिमटा घेऊन जमवलेला पैसा एका सहीने दुसऱ्याच्या हाती जातो.

बैल घेताना आपण काय करतो? त्याचे दात पाहतो. त्याला चालवून पाहतो. चार जाणत्यांना विचारतो. बैल खोडीचा निघाला तर एक हंगाम बुडतो. घर खोडीचे निघाले तर दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात. मग घर घेतानाच घाई का बरे?

आज आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. घर घेताना आधी गावाला विचारा. मग कागदाला विचारा. दोघांचे उत्तर एक आले तरच पैसे द्या.

गावाला विचारायचे म्हणजे काय? गावात रोज काही ना काही घडत असते. ग्रामसभा भरते. आठवड्याचा बाजार भरतो. सप्ताह बसतो, जत्रा होते, बारसे होते, तेरावा होतो. कुणाच्या घरी वाटणी चालली आहे, कोणती भिंत भांडणात आहे, कोणत्या वाड्यावर दावा लागला आहे, हे सारे या चार ठिकाणी बोलले जाते. जो माणसांत मिसळतो त्याच्या कानावर ते येते. जो घरातच बसतो त्याला दलाल सांगेल तेवढेच कळते.

एक उदाहरण सांगतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ. मोटार चालवून निवृत्त झाले. तीन खोल्यांचे एक घर त्यांच्या मनात भरले. विकणारा माणूस गोड बोलणारा. ‘घर माझ्या बापाचे. बाप वारला. आता मालक मीच,’ म्हणाला. विसार द्यायचा दिवस ठरला. त्याच आठवड्यात सप्ताहाची पंगत होती. पंगतीत शेजारच्या आळीतली एक म्हातारी वाढता वाढता म्हणाली, “ते घर घेताय होय? मग त्याच्या दोघी बहिणींना विचारलंत का? थोरली तर अजून म्हणते, माझ्या बापाचं घर आहे म्हणून.”

आमचे गृहस्थ शहाणे. त्यांनी विसार थांबवला. दुसऱ्या दिवशी भूमी अभिलेख कचेरीत गेले. मालमत्ता पत्रकाची नक्कल काढली. त्यावर मेलेल्या बापाचेच नाव होते. वारसांची नोंदच झाली नव्हती. म्हणजे गावाने जे सांगितले तेच कागदानेही सांगितले. पुढे वारसांची नोंद झाली. दोघी बहिणी आल्या. धाकटीने भावासाठी हक्क सोडला, तोही नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने. थोरलीने आपला वाटा मागितला. तिला तिच्या नावाचा धनादेश मिळाला आणि तिने खरेदीखतावर सही केली. घर घेतले गेले. भांडण झाले नाही. एका म्हातारीच्या शब्दाने दोन्ही घरे वाचली.

बहिणींची गोष्ट नीट समजून घ्या. पुष्कळांना अजून वाटते की लेक सासरी गेली, तिचा संबंध संपला. तसे नाही. १९५६ सालच्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, बापाने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. आईलाही वाटा आहे. २००५ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क आहे. २००५ साली बाप हयात नव्हता म्हणून हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट सांगितले. मुसलमान आणि ख्रिस्ती बांधवांचे वारसा कायदे निराळे आहेत. पण लेकीचा वाटा तिथेही आहेच. तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा : घरात वारस किती, आणि सगळे सही करणार का? ‘बहिणींना काही नको आहे,’ हे तोंडाचे बोलणे चालत नाही.

आता कागदाकडे वळू.

शेतजमिनीचा कागद तुम्हाला ठाऊक आहे. तो सातबारा. गावठाणातल्या घराला बहुधा सातबारा नसतो. जिथे गावठाणाची मोजणी झाली आहे तिथे मालमत्ता पत्रक असते. ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा मिळतो. पण हा नमुना आठ म्हणजे घरपट्टीची नोंद, बरं का! त्यावर नाव आहे म्हणून माणूस मालक ठरत नाही. फेरफाराचेही तेच. फेरफाराची नोंद ही सरकारी वसुलीसाठी असते, तिने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. मग मालकी कशावरून ठरते? मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र आणि वारसांची साखळी यांवरून. विकणाऱ्याकडे घर कसे आले आणि त्याच्या आधीच्याकडे कसे आले, ही साखळी कुठे तुटते का ते पाहा. मागच्या तीस वर्षांचा शोध दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून वकिलाकडून घ्यावा, अशी रीत आहे. वकिलाची फी जड वाटते. पण कोर्टाच्या तारखा त्याहून जड असतात.

मूळ कागद हातात घेऊन पाहा. विकणारा नुसत्या झेरॉक्स दाखवू लागला तर विचारा, मूळ कागद कुठे आहेत? ते बँकेत किंवा पतसंस्थेत गहाण असू शकतात. घर सातबाऱ्याच्या जमिनीवर असेल तर ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. सोसायटीचा बोजा तिथे लिहिलेला असतो. ‘भोगवटादार वर्ग दोन’ असे शब्द दिसले तर थांबा. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी बांधवांच्या जमिनीलाही कायद्याचे खास संरक्षण आहे. शेतातला गुंठा-दोन गुंठे कुणी स्वस्तात देऊ लागला तर आधी तहसील कचेरीत चौकशी करा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. त्याचे नियम जागेप्रमाणे निराळे आहेत आणि ते वेळोवेळी बदलत आले आहेत.

काही लोक म्हणतात, ‘खरेदीखताचा खर्च कशाला? कुलमुखत्यारपत्र करून देतो.’ किंवा म्हणतात, ‘शंभराच्या स्टँपवर लिहून देतो.’ अशा बोलण्याला भुलू नका. कुलमुखत्यारपत्राने, साठेखताने किंवा मृत्युपत्र लिहून दिल्याने घराची विक्री होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ठणकावून सांगितले आहे. घराची विक्री खरेदीखत नोंदवूनच होते. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीसाठी द्यावे लागते.

मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी किंमत कमी लिहा, असे सांगणारेही भेटतात. सरकारचा बाजारमूल्याचा तक्ता असतो. तक्त्यातली किंमत आणि खरेदीखतातली किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क बसते. उद्या व्यवहार मोडला तर लिहिलेली रक्कमच तुम्हाला मागता येईल. वरची रोख कुणाकडे मागणार? शिवाय घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकराच्या कायद्याने २०१५ पासून मनाई आहे. तेव्हा धनादेशाने द्या, बँकेतून द्या, आणि पावती घ्या. आणखी एक. राहते घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. खर्च वाचतो आणि घरच्या लक्ष्मीच्या डोक्यावर छप्परही राहते.

तालुक्याच्या गावी आता इमारतीही उठू लागल्या आहेत. तिथे सदनिका घ्यायची असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरची आणि आठपेक्षा अधिक सदनिकांची नवी योजना नोंदवावीच लागते. करार नोंदवल्याशिवाय बांधणाऱ्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हा २०१६ सालचा कायदा आहे.

कागद झाले. आता घर डोळ्यांनी पाहा. उन्हाळ्यात सगळीच घरे चांगली दिसतात. घर पावसाळ्यात पाहावे. भिंतीला ओल कुठवर चढते? पागोळीचे पाणी कुणाच्या अंगणात पडते? सांडपाणी कुठून जाते? वासे वाळवीने खाल्ले आहेत का? भिंत तुमची की सामाईक? अंगणातून दुसऱ्याची वहिवाट आहे का? हे विकणाऱ्याला विचारू नका. शेजाऱ्याला विचारा. शेजाऱ्याशी उद्या तुम्हालाच राहायचे आहे.

जागाही पाहा. कृष्णा-पंचगंगेच्या काठी २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर आले. नदीकाठी पाटबंधारे खाते निळी आणि लाल पूररेषा आखते. घर रेषेच्या आत आहे का ते विचारा. आणि गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, पाणी कुठवर आले होते? तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. डोंगराच्या पायथ्याला घर असेल तर आंबेगाव तालुक्यातले माळीण आठवा. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून ते गाव गाडले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडे सुमारे ८,००० माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद; भिंत ढासळली आणि माळवद अंगावर आले. जुने घर घेताना जाणता गवंडी बरोबर न्या.

आता पुन्हा गावाकडे येऊ. कारण गावच्या कामात हजर राहण्याचा फायदा घर घेतल्यावरही असतो. वर्षातून निदान चार ग्रामसभा भरल्या पाहिजेत असा नियम आहे. तिथे रस्ता कुठून जाणार, गटार कुठे होणार, पाण्याची टाकी कुठे बसणार हे ठरते. ज्याच्या दारातून रस्ता जायचा तोच सभेला नसतो, आणि मग वर्षभर कुरकुरतो! २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. या योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने करतात. ड्रोन येण्याआधी घराघराच्या हद्दी चुन्याने आखतात. त्या दिवशी जो हजर राहिला त्याने आपली हद्द दाखवली. जो जत्रेला निघून गेला त्याची हद्द शेजाऱ्याने दाखवली! नंतर चौकशी होते, हरकती ऐकतात, मग सनद मिळते. हरकत वेळेत घ्यावी लागते. फेरफाराचेही तसेच. नोंदीची नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदलले, पण चावडीवरचा फळा तोच आहे. आठवड्यातून एकदा तो वाचत जा.

होय, वाचत जा! आम्ही चाळीस वर्षे फळ्यावर अक्षरे लिहिली. काल-परवापर्यंत तुमच्यातले काही जण कागदावर अंगठा उठवत होते. कागदात काय आहे ते दुसरा सांगेल ते खरे, असे होते. आता तुम्हाला वाचता येते. मग खरेदीखताचा मसुदा आदल्या दिवशी घरी आणा. रात्री दिव्याखाली बसून मोठ्याने वाचा. घरच्या बायकामाणसांना ऐकू द्या. समजले नाही तो शब्द खुणेने ठेवा आणि सकाळी वकिलाला विचारा. ‘सगळ्यांचं असंच असतं, करा सही,’ असे कुणी म्हणाले तर सही करू नका.

एवढे ध्यानात ठेवा :

१. विसार देण्याआधी सगळ्या वारसांची नावे लिहून घ्या. बहिणी आणि आई विसरू नका.

२. मूळ कागद पाहा. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा स्वतः काढा. विकणाऱ्याने आणलेल्या नकलेवर विसंबू नका.

३. मसुद्यात नाव, मिळकत क्रमांक, क्षेत्र, चारही दिशांच्या चतुःसीमा, आणि रक्कम अंकी व अक्षरी बरोबर आहे का ते वाचा.

४. पैसे बँकेतून द्या. खरेदीखत नोंदवा. मग पंचायतीत, मालमत्ता पत्रकावर आणि वीजबिलावर नाव लावून घ्या. घरपट्टी आणि पाणीपट्टीची जुनी बाकी कुणी भरायची ते आधी ठरवा.

सगळ्यांना काही आज घर घ्यायचे नाही. पण आज राहत असलेले घर तर सगळ्यांना आहे. या आठवड्यात एक काम करा. पंचायतीत जा. आपल्या घराचा नमुना आठ काढा. सनद किंवा मालमत्ता पत्रक झाले असेल तर तेही काढा. दारात बसून वाचा. नाव बरोबर आहे का? आजोबांचेच नाव अजून आहे का? घर मोजले आहे तेवढेच आहे का? चूक दिसली तर पुढच्या ग्रामसभेच्या आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज लिहायला अडले तर वाचनालयात या. संध्याकाळी दिवा लागलेला असतो.