क्रॉस बदलण्याआधी कोन पाहा



कापूस असो की ज्वारी, माल बाजारात नेण्याचा खर्च आपल्याच अंगावर पडतो. त्यात पिकअपचा क्रॉस एका हंगामात दोनदा-तीनदा जातो आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. आम्हीही दिल्या. पण दोष क्रॉसचा नव्हता, मागच्या एक्सलच्या कोनाचा होता.

जास्त माल बसावा म्हणून आपण कमानीत वाढीव पाटे टाकतो, शॅकल लांब करतो. गाडी मागून उचलली जाते, एक्सल थोडा फिरतो आणि डिफरन्शियलचे तोंड जागा सोडते. क्रॉस कोनात फिरला की शाफ्टची गती एका फेऱ्यात दोनदा वाढते, दोनदा घटते. पुढच्या क्रॉसची ही ओढाताण मागचा क्रॉस निस्तरतो, पण दोघांचे कोन सारखे असले तरच. नाहीतर गाडी थरथरते, क्रॉस तुटतो आणि भरल्या गाडीचा शाफ्ट रस्त्यावर पडतो. त्यात माणूसही जाऊ शकतो.

तपासणी घरी होते. एकसंध शाफ्टची गाडी सपाट जागी, नेहमीइतका भार ठेवून चाकांवरच उभी करा. चाकांना दगड लावा. पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, त्याला ओळंबा बांधा. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा आणि डिफरन्शियलच्या फ्लँजचा कल मोजा. दोन्ही कल एकाच दिशेला आणि सारखे हवेत. जोर पडला की पाटे पिळतात आणि तोंड वर उठते, म्हणून ते १ ते २ अंश खाली ठेवावे.

फरक निघाला तर पाटे आणि एक्सलची बैठक यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना सारखी लोखंडी पाचर घालावी. पाटे एक्सलच्या वर असतील, तर जाड बाजू पुढे ठेवल्यास तोंड खाली जाते, मागे ठेवल्यास वर येते. पाटे खाली असतील तर याच्या उलट. सेंटर बोल्ट पाचरीच्या भोकातून गेलाच पाहिजे. यू-बोल्ट नवे घाला आणि थोडे अंतर चालवून पुन्हा आवळा. हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण मोजताना स्वतः उभे राहा.

पाचर घातली म्हणून जास्त माल लादायची मुभा मिळाली, असे मात्र समजू नका.

रास्त भावाची लढाई चालूच राहील. तोवर विनाकारण जाणारा पैसा तरी घरात राहू द्या.